टिंब

आमचं गाव आधी नुसतं लेंभळ होतं.
तीन अक्षरं.
गाडी फलाटाला लागून सुटायच्या आत
वाचून संपायचं.
ताकारीला गुळाच्या ढेपा चढायच्या,
किर्लोस्करवाडीला माणसं उतरायची,
आमच्याकडं उतरायचा तो इंजिनाचा धूर
दोरीवरल्या धोतरांवर.

ब्रॉडगेज आलं त्या साली
सोपानकाका पोरे, शिंपी, म्हणाले,
"गाव लहान न्हाई रं, नाव आखूड पडलंय.
दुमड सोडू."

पायमशीन बंद केली, गळ्यात टेप तशीच,
अन् वेशीपास्नं स्टेशनापर्यंत
दिसेल ते जोडत हिंडले दिवसभर:
चिंच, चिंचेखालचा भैरोबा,
भैरोबामागचा ओढा, ओढ्याचं वाकण,
दोरा न तोडता.
रात्री कापडावर खुणा करतात त्याच खडूनं
फरशीवर लिहून दाखवलं

थोरल्याचिंचेखालच्याभैरोबामागल्यावाकड्याओढ्याकाठचेलेंभळ

"मधी कुठं जागा सोडू नगंस," मला म्हणाले,
"वरची रेघ एका दमात मार.
टीप तुटली की कापड वाया."
मी एकोणीस वर्षांचा. वायदंडे पेंटर.
बारा फुटी पत्रा, पिवळ्यावर काळं,
आणि स्टेशनमास्तरांना दोन हाफशर्ट शिवून
मिळवलेली कुंपणालगतची जागा.

रेघ मारायच्या आधी मी विचारलं,
काका, आमच्या वस्तीतली विहीर?
भागूआजीनं बुट्टी बुट्टी माती उपसलेली.
दुष्काळात अख्ख्या गावानं पाणी नेलं तिथनं,
अंधार पडल्यावर.

काकांनी पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग टेप गुंडाळत
(वाईट माणूस नव्हता, मी सांगतो)
म्हणाले, "कापड संपलं, बाबा."

पंचवीस अक्षरं झाली होती.
विहिरीला तीन लागतात.

आता पुण्याहून गाड्या भरून येतात.
कुण्या मुलीनं मोबाइलवर
एका श्वासात म्हणून दाखवलं तेव्हापास्नं.
शाळेतली पोरं दहा रुपयांत म्हणतात,
वीस दिले तर उलटं.
टी-शर्ट निघालेत: नाव छातीवरून सुरू होतं,
बगलेत शिरतं, पाठीवर संपतं.
एक्स्प्रेस मात्र अजून थांबत नाही.
खिडकीतल्या माणसाचं
'थोरल्याचिंचे' पर्यंत होतं, तेवढ्यात ताकारी.

चिंच रस्त्याच्या रुंदीकरणात गेली.
भैरोबा सिमेंटच्या नव्या देवळात,
टाइल्स लावून, तोंड फिरवून बसलाय.
ओढा जेसीबीनं सरळ केला.
म्हणजे बघा,
नावात आहे त्यातलं
गावात लेंभळ तेवढं उरलं.

परवा एका पाहुण्या पोरानं विचारलं,
आजोबा, शेवटी हे टिंब कशाला?
गावाच्या नावाला कधी फुलस्टॉप असतो?
डिझाइन आहे, म्हणालो.
टी-शर्टवरही छापतात ते, न चुकता,
काळंभोर, गोल,
बारीक ब्रशनं मी मारलेल्या
पांढऱ्या कठड्यासकट.

सोपानकाकांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.
जायच्या आदल्या साली एकदा
पोराच्या खांद्याला धरून स्टेशनावर आले,
पत्र्याच्या शेवटाशी उभे राहिले
अन् बोटानं ते टिंब चाचपलं,
बटण पक्कं बसलंय का बघतात तसं.
बोलले काही नाहीत.

एप्रिलात गावात टँकर येतो.
बोर्डाखालच्या टपरीवर मात्र
चहा दिवसभर उकळत असतो.
फोटो काढून घसा कोरडा पडलेली माणसं
दोन दोन कप घेतात,
गोड आहे म्हणतात,
पाणी कुठलं
ते कुणी विचारत नाही.